कॅबिनेट कार्डावरची कंबर: कोर्सेटची की पेन्सिलीची?

शिवणटिपण

व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या वीसेक वर्षांतली लंडनच्या स्टुडिओंची कॅबिनेट कार्डं, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली फोटो-पोर्ट्रेटं, पाहिली की नजर आधी कमरेवर जाते. वर बाह्यांचे फुगे, खाली घंटेसारखा घेर आणि मधे जवळजवळ काहीच नाही. मग एक जण सांगतो की त्या बायका बरगड्या काढून घ्यायच्या, दुसरा सोळा इंची कोर्सेटच्या (कंबर दोरीने आवळणाऱ्या आतल्या कपड्याच्या) गोष्टी सांगतो आणि तिसरा म्हणतो, सगळं रिटचिंग, म्हणजे फोटोवर मागाहून केलेली हातसफाई.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला बरं. यातलं बरंचसं काम शिंप्याचं आहे, फोटोवाल्याचं नाही. कोर्सेटवर जो आकडा असतो तो पाठीमागच्या दोन्ही कडा पूर्ण मिटल्यावरचा. घालताना मागे दोन-तीन इंचांची फट ठेवायची पद्धत होती. म्हणजे २० नंबरचं कोर्सेट घातलेल्या बाईची कंबर २२-२३ झाली. शिवाय बॉडिसच्या (पोशाखाच्या वरच्या घट्ट भागाच्या) पाठीवरच्या शिवणी खांद्यापासून वळत वळत कमरेच्या मध्याकडे आणतात, त्यामुळे डोळा आपोआप आत ओढला जातो. १८९५ च्या सुमाराला बाह्या सर्वांत फुगल्या होत्या, त्यांच्याशेजारी कुठलीही कंबर बारीकच दिसणार.

पण समोर एक कार्ड आहे आणि त्यावर माझी गाडी अडली आहे. गडद हिरवा जाड पुठ्ठा, तिरक्या कापलेल्या सोनेरी कडा, गोल कोपरे, खालचं नाव खरवडलेलं. बाई समोरून उभी, फिकट रंगाचा सॅटिनचा संध्याकाळचा पोशाख, मागे गडद पडदा आणि कोरीव दगडी कठडा. डावीकडे, कंबर जिथे सर्वांत बारीक आहे तिथे, कठड्याची आडवी रेघ बोटभर अलीकडेच विरते. उजवीकडे तीच रेघ अंगापर्यंत नीट येते. ही कोर्सेटची दोरी की रिटचिंगवाल्याची सुरी? आणि हे खात्रीने ओळखायचं कसं?

टवाळ_बाळू

पेन्सिलीने कंबर बारीक होते हे आधी कळलं असतं तर जिमचे पैसे वाचले असते. बसलो आहे, चालू द्या.

काचेचा_माणूस

शिवणताई, मतभेद आहे. शिंपी अर्धं काम करून देत असे. उरलेलं अर्धं तळघरातल्या नाहीतर माळ्यावरच्या एका उतरत्या टेबलावर होत असे.

आधी आकार लक्षात घ्या. कॅबिनेट कार्डाचा पुठ्ठा साधारण १०८ गुणिले १६५ मिलिमीटर. प्रत काचेच्या निगेटिव्हला (उजेड-अंधार उलटे असलेल्या मूळ चित्राला) टेकवून उन्हात छापायची, मोठी करायची नाही, म्हणजे काचेवरचं चित्र आणि हातातलं चित्र एकाच मापाचं. उभ्या बाईचा चेहरा नखाएवढा, आणि त्या नखावर पेन्सिल चालवायची.

रिटचिंगचं टेबल म्हणजे उतरती चौकट, मध्ये खरखरीत काच, खाली आरसा. आरशाने खिडकीचा उजेड खालून वर फेकायचा आणि काचेवर निगेटिव्ह ठेवायची. काचेवर चित्र धरणाऱ्या नुसत्या जिलेटिनच्या थरावर पेन्सिल घसरते, म्हणून डामर नावाची झाडाची राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून तिचा एक थेंब फ्लॅनेलच्या तुकड्याने गोल गोल चोळायचा. जास्त झालं तर चिकट राहतं आणि पेन्सिल गोळा धरते, कमी झालं तर रेघ उमटतच नाही. पेन्सिली कडक, टोक सॅंडपेपरवर घासून सुईसारखं इंचभर लांब केलेलं. सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक असते. ती स्वल्पविरामासारख्या बारीक फटकाऱ्यांनी भरायची. सलग रेघ ओढलीत तर प्रतीवर पांढरा दोरा दिसतो. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे नाकापासून ओठाकडे येणारी घडी पूर्ण भरणं. मग चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा होतो, आणि त्या काळची निम्मी कार्डं तशीच आहेत.

आता कंबर. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि कुठलं करायचं ते पोशाख ठरवतो.

काळा पोशाख, मागे फिकट पडदा: निगेटिव्हवर पोशाखाची जागा पारदर्शक. बाजूची पट्टी पेन्सिलीने किंवा ब्रशच्या रंगाने भरली की ती पडद्यासारखी फिकट छापली जाते. सोपं काम, चुकलं तर पुसता येतं.

फिकट पोशाख, मागे गडद पडदा: निगेटिव्हवर पोशाखाची जागा दाट काळी. तिथली चांदी (निगेटिव्हचा काळेपणा चांदीचाच असतो) सुरीने तासून काढायची, म्हणजे ती जागा प्रतीवर गडद होऊन पडद्यात मिसळते. हे अवघड. जिलेटिनचा थर हाडासारखा कोरडा हवा. दमट हवेत सुरी अडते आणि थराचा कपचा निघतो. पातं जवळजवळ आडवं धरून वाऱ्यासारखं फिरवायचं, एका वेळी काहीच निघालं नाही असं वाटलं पाहिजे.

ताईंचं कार्ड दुसऱ्या प्रकारचं आहे. आणि कठड्याची रेघ अंगाच्या अलीकडे विरणं ही सुरीची सही आहे. पोशाख तासला की त्याच्यामागचा कठडा आपोआप उगवत नाही. तिथे फक्त अंधार मिळतो. कठडा पुन्हा काढायला वेगळा हात लागतो आणि घाईच्या दिवसांत कोण काढत बसतो.

भूमिती_भाऊ

घाई नको. सुरी आणि शिंपी दोघांना बाजूला ठेवून नुसता आकार बघा.

मोकळी कंबर लंबवर्तुळाकार असते, समोरून रुंद आणि बाजूने चपटी. घेर २४ इंच धरा. समोरून ९ इंच रुंदी आणि ६.२ इंच खोली घेतली तर घेर बरोबर २४ येतो. कोर्सेट काय करतं, तर हा चपटा आकार गोल करतं. घेर २४ च ठेवून पूर्ण गोल केला तर व्यास ७.६ इंच. म्हणजे एक इंचही न आवळता समोरून जवळजवळ दीड इंच गायब! आणि प्रौढ बाईचं डोकं, हनुवटीपासून माथ्यापर्यंत, साडेआठ इंचांच्या आसपास असतं. २४ इंच घेराची कंबर स्वतःच्या डोक्याच्या उंचीपेक्षा अरुंद दिसणं हे निव्वळ भूमितीने शक्य आहे. वर दोन इंच आवळली की बघायलाच नको.

म्हणून समोरून काढलेल्या फोटोवरून घेर सांगू नये. बाजूने काढलेला फोटो मिळाला तर गंमत कळते, त्यात तीच बाई भरलेली दिसते.

शिवणटिपण

भाऊ, दंडवत! इतकी वर्षं कापडाच्या भाषेत सांगायला धडपडत होते ते दोन आकड्यांत झालं.

काका, कठड्याचा मुद्दा पटला, पण अर्धाच. पडद्यावर कठडा रंगवलेला असेल आणि रंगाऱ्याने तो तिथेच संपवला असेल तर?

काचेचा_माणूस

रंगवलेला असेल तर त्याच पडद्याच्या दुसऱ्या फोटोशी ताडून बघता येतं. स्टुडिओकडे चार-सहा पडदे असायचे आणि तेच वर्षानुवर्षं फिरायचे. बॅसानो या फोटोवाल्याच्या लंडनमधल्या ओल्ड बॉन्ड स्ट्रीटवरच्या स्टुडिओत मात्र रुळांवर फिरणारा प्रचंड लांब पडदा होता. हवा तो भाग समोर आणायचा. ही चैन सगळ्यांना नव्हती.

रात्रपाळी

थोडं अवांतर. या फोटोंत पायांमागे लोखंडी स्टॅंड दिसतो ना, तो मेलेल्या माणसाला उभं करण्यासाठी असायचा असं वाचलंय. खरं का?

काचेचा_माणूस

आलाच हा प्रश्न. खरं नाही.

तो डोकं स्थिर ठेवायचा स्टॅंड. खाली जड ओतीव बैठक, मध्ये खालीवर होणारी दांडी, वर दोन बोटांचा चिमटा. चिमटा मानेच्या वर, कवटीच्या मागे नुसता टेकवायचा. तो वजन धरत नाही, डुलणं थांबवतो. निर्जीव देह त्यावर टांगलात तर स्टॅंडसकट आडवा होईल. बुटांमागे बैठक दिसली तर समोरचा माणूस जिवंत होता असंच समजा. मृतांचे खरे फोटो बहुतेक अंथरुणावर, शवपेटीत, नाहीतर लहान मूल असेल तर आईच्या मांडीवर.

डोळे रंगवलेले दिसतात म्हणून मृत, हाही तसाच गैरसमज. निळे डोळे त्या काचेवर पांढरट येतात आणि पापणी मिटली तर पुसट होतात, म्हणून रिटचर बुबुळाला ठिपका द्यायचा.

नीलाक्षी

निळ्या डोळ्यांवरून आठवलं, या धाग्यात रंगांबद्दल कुणीच बोललं नाही. पोशाखाच्या अर्ध्या चुका तिथेच होतात.

त्या काळच्या साध्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाशच दिसतो, हिरवा जेमतेम, लाल जवळजवळ नाहीच. फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा-पिवळा दाखवायची युक्ती शोधली आणि १८८० च्या दशकात तशा काचा बाजारात आल्या, पण पोर्ट्रेट स्टुडिओ सरसकट साध्याच वापरत राहिले. परिणाम असे:

आकाशी रेशीम पांढरंफटक येतं आणि चुण्या गायब होतात. पिवळा सॅटिन जवळपास काळा. लाल केस काळे, म्हणून बसण्याआधी केसांना पावडर लावायचा सल्ला असे. चेहऱ्यावरचे वांगाचे ठिपके पिवळट-तपकिरी असतात, ते प्रत्यक्षात दिसतात त्याच्या दुप्पट गडद उमटतात. रिटचिंग चैन म्हणून आलं नाही, ते या दोषामुळे जवळपास सक्तीचं झालं. काचेने चेहरा बिघडवला, तो पेन्सिलीने परत आणायचा.

शिवणताई, म्हणून तुमच्या कार्डावरचा 'फिकट' पोशाख खरोखर फिकट होता असं धरू नका. मध्यम निळा, अगदी लव्हेंडर जांभळासुद्धा असाच येईल.

आपल्याकडच्या जुन्या फोटोंना हेच लागू. कुंकू काळं दिसतं ते याचमुळे. जरीचा काठ चकाकी पडली तिथे पांढरा, नाही तिथे काळपट.

गिरगाव_ट्राम

कुंकवाचं हे माहीत नव्हतं. काळी टिकली म्हणून आजवर कितीतरी पणज्यांवर चर्चा झाली असेल.

टवाळ_बाळू

म्हणजे वरच्या प्रत्येक पांढऱ्या पोशाखातली वधू प्रत्यक्षात निळी असू शकते. इतिहासाचार्य, नोंद घ्या.

अंड्याचा_बलक

कागदाबद्दल कुणीतरी बोलावं म्हणून वाट बघत होतो, आता मीच बोलतो.

१८९० च्या आधीची बहुतेक कार्डं अल्ब्युमेन कागदावरची. कागदाला अंड्याचा पांढरा भाग, त्यात मीठ. तो कागद चांदीच्या क्षारावर दोन-तीन मिनिटं तरंगवायचा, सुकवायचा, निगेटिव्हखाली चौकटीत घालून उन्हात ठेवायचा. हवी त्यापेक्षा गडद होईपर्यंत ठेवायची प्रत, कारण पुढे हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात) ती फिकी पडते. मग धुणं, सोन्याच्या क्षारात टोनिंग (विटकरी रंग जाऊन जांभळट-तपकिरी येतो), हायपो, आणि पुन्हा धुणं, तेही तासन्‌तास. इथेच कंजुषी व्हायची. हायपो राहिला की प्रत पिवळी पडते आणि कडेपासून उडत जाते. चिकटवायला स्टार्चची खळ. ती शिळी आणि आंबट असेल तर ठिपके उठतात. शेवटी गरम लोखंडी रोलरमधून काढून चकाकी.

कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर सुरळी होतो, म्हणून पुठ्ठा. पुठ्ठा ही सजावट नव्हती, गरज होती. त्यावर नाव छापणं ही नंतरची हुशारी.

अंड्यांचा हिशेब ऐका. ड्रेस्डेनच्या कारखान्याने १८८८ मध्ये १८,६७४ रीम कागद काढला. रीममागे २७ डझन अंडी, म्हणजे साठ लाखांवर अंडी वर्षाला. एका रीममध्ये ४८० ताव, ताव ४६ गुणिले ५८ सेंटिमीटर. एका तावातून कॅबिनेटच्या पंधरा प्रती धरल्या तर एका अंड्यात साधारण बावीस डचेस बसतात. बलक चामडं कमावणाऱ्यांना विकत.

टवाळ_बाळू

'एका अंड्यात बावीस डचेस.' धागा इथेच संपला तरी चालेल.

कुळकायदा

संपू देऊ नका, पैशांचा भाग राहिला. या बायकांचे फोटो दुकानांच्या काचांत विकायला का असायचे, यावर कुणी बोलेल का? घरंदाज बायका ना?

पानवेल

कुळकायदाजी, १८७७ च्या सुमाराला लंडनमध्ये 'प्रोफेशनल ब्यूटी' असा शब्दच रूढ झाला. लिली लॅंगट्री, मिसेस कॉर्नवॉलिस-वेस्ट, मिसेस व्हीलर. नटी नव्हेत, लग्न झालेल्या, दरबारात वावरणाऱ्या. त्यांची कार्डं नट्यांच्या, बिशपांच्या आणि राजघराण्याच्या शेजारी काचेत लागायची. लॅंगट्री रंगभूमीवर आली १८८१ मध्ये, म्हणजे चेहरा आधी विकला गेला, नाटक नंतर.

याच्या आधीची पायवाट राजघराण्याची. १८६० मध्ये मेयॉल या फोटोवाल्याने राणी आणि कुटुंबाचे छोटे कार्ड-फोटो काढून विकले तेव्हा 'विकत घेता येणारा चेहरा' प्रतिष्ठित झाला. मग १८६८ मध्ये डाउनी बंधूंनी राजकुमारी अलेक्झांड्राचा मुलीला पाठुंगळी घेतलेला फोटो काढला, तो लाखांनी खपला.

गप्पा अशा की या बायकांना प्रतीमागे कमिशन मिळतं. 'टाउन टॉक' नावाच्या पत्राने १८७९ मध्ये छापलं की मिसेस कॉर्नवॉलिस-वेस्टने घरीच स्टुडिओ थाटला आहे, दिवसभर पोझ देते आणि विक्रीवर पैसे घेते. संपादक रोझेनबर्गला बदनामीसाठी अठरा महिने तुरुंगवास झाला. कमिशन घेते म्हणणं हीच बदनामी! चेहरा दुकानात असणं चालत होतं, पैसे घेणं नाही.

कुळकायदा

मग पैसे कुणाला मिळत होते?

पानवेल

छापणाऱ्याला. ब्रिटनच्या १८६२ च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं. फोटो छापण्या-विकण्याचा हक्क काढणाऱ्याचा, पण कुणी मोबदला देऊन काढवून घेतला असेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. आता लावा डोकं. स्टुडिओवाला पत्र पाठवणार, 'आपण आमच्याकडे विनामूल्य बसण्याची कृपा करावी.' बाईने पैसे दिले नाहीत, हक्क स्टुडिओचा. स्टेशनर्स हॉलमध्ये (अशा हक्कांची नोंद तिथे व्हायची) नोंद करायची आणि हजारो प्रती विकायच्या. फुकटातली बैठक सर्वांत महाग पडायची ती अशी.

उलट बाजू १८८८ च्या पोलार्ड खटल्यात. रॉचेस्टरच्या एका बाईने पैसे देऊन फोटो काढवला, दुकानदाराने त्याचं नाताळचं कार्ड करून काचेत लावलं. हक्क तिचा होता, पण नोंद केली नव्हती, त्यामुळे त्या कायद्याखाली दावा लावता येईना. न्यायाधीश नॉर्थ यांनी मनाई दिली ती करारभंग आणि विश्वासभंग या मुद्द्यांवर: प्रती देण्याचं काम घेतलंस, त्यासाठी मिळालेली निगेटिव्ह दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही.

काचेचा_माणूस

पानवेल यांच्या प्रतिसादाचा रिटचिंगशी थेट संबंध आहे. विकायच्या निगेटिव्हवर काम जास्त व्हायचं, कारण एक निगेटिव्ह हजारो प्रती देणार. खासगी डझनभर प्रतींसाठी चेहऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं फिरवली पेन्सिल, झालं. म्हणजे आज सर्वांत जास्त सापडणारी कार्डं हीच सर्वांत जास्त तासलेली आहेत. यावरून 'त्या काळच्या बायका अशा दिसत' म्हणणं म्हणजे मासिकाच्या मुखपृष्ठावरून चाळीतली माणसं ओळखणं.

शिवणटिपण

हे मान्य. हा मुद्दा माझ्या मताला भारी पडतोय, लपवत नाही.

उभी_आडवी

त्या डोक्यात तीन पिसं असलेल्या फोटोंचं काय? लांब शेपटीचे पोशाख, हातात गुच्छ. सगळ्यांचे एकसारखे.

पानवेल

दरबारात सादर होण्याचा वेष. लग्न झालेलीला तीन शहामृगाची पिसं, कुमारिकेला दोन, मागे तीन यार्डांची किंवा जास्त लांब शेपटी. राणीच्या 'ड्रॉइंग रूम', म्हणजे हे सादर होण्याचे दरबार, दुपारी तीनला सुरू व्हायच्या. गाड्यांच्या रांगेत तास जायचे, बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ. पोशाख इतका खर्चाचा की फोटो त्याच दिवशी हवा. आणि हंगामाच्या सुरुवातीला लंडनमध्ये साडेपाचला काचेच्या छपरातून येणार काय, धुकं.

तिथे व्हॅन डर वाइड नावाच्या चित्रकाराने पैसा केला. रीजंट स्ट्रीटवर १८७७ मध्ये त्याने विजेच्या प्रकाशाचा स्टुडिओ काढला. गॅस इंजिनावर चालणारा डायनॅमो, कार्बनच्या दोन कांड्यांमधला आर्क दिवा, मागे मोठा अंतर्गोल परावर्तक आणि दिव्यासमोर छोटा आडोसा. थेट प्रकाश चेहऱ्यावर पडू द्यायचा नाही, फक्त परतलेला. नाहीतर नाकाची सावली कानापर्यंत.

नीलाक्षी

आणि आर्कचा प्रकाश निळा-जांभळा जास्त, म्हणजे त्या काचेला पोटभर जेवण. गॅसचा पिवळा दिवा कितीही मोठा लावला तरी उपयोग नव्हता.

रात्रपाळी

हसत का नाहीत हा प्रश्न विचारू का? भीती वाटतेय.

काचेचा_माणूस

विचारलात. ओल्या कोलोडियनच्या (जिलेटिनच्या आधी काचेवर ओलाच वापरायच्या थराच्या) काळात पाच-दहा सेकंद, कधी वीस. १८८० नंतर कोरड्या जिलेटिनच्या काचेवर बऱ्या उजेडात एक-तीन सेकंद. तेवढं हसू टिकतं. तरी हसले नाहीत, कारण रंगवलेल्या पोर्ट्रेटमध्ये हसत नसत. सबब तंत्राची नाही, रिवाजाची.

जिलेटिनचा कंबरेशीही संबंध आहे. कोलोडियनचा थर पातळ आणि वरून वॉर्निश, त्यावर सुरी चालवणं म्हणजे काच खरवडणं. जिलेटिनचा थर जाड. सुरीकाम फोफावलं ते त्यानंतर.

गिरगाव_ट्राम

लंडनमधल्या डेव्हनशायर हाउसच्या नाचाचे फोटो बघा कुणी. २ जुलै १८९७, राणीच्या हीरक महोत्सवाचं वर्ष. सगळे ऐतिहासिक वेषात. डचेस स्वतः पाल्मिराची राणी झेनोबिया, पोशाख पॅरिसच्या वर्थ या नामांकित पेढीकडचा. डब्लिनच्या लाफायेत कंपनीने मागच्या बागेत तंबू ठोकून रात्रीच फोटो काढले. पण सगळे त्या रात्रीचे नाहीत, अनेक पाहुणे नंतर पोशाख घेऊन स्टुडिओत गेले. त्यामुळे 'नाचातला फोटो' म्हणून जे फिरतं त्यात बरेच शांतपणे, दिवसाउजेडी काढलेले. १८९९ मध्ये २८६ फोटोंचा खासगी अल्बम निघाला, तो फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे शाईने छापलेला. त्यावर भिंग लावून पेन्सिल शोधू नका, तांब्याच्या पत्र्याचं दाणेदार पोत दिसेल.

उभी_आडवी

यातल्या कुठल्या स्टुडिओत बायकाच बायकांचे फोटो काढायच्या का?

नीलाक्षी

ॲलिस ह्यूजेस. गॉवर स्ट्रीटवर १८९१ पासून, फक्त बायका आणि मुलं, पुरुषांना प्रवेश नाही. भरात असताना साठेक बायका कामाला. प्लॅटिनम कागद, म्हणजे मॅट, करडा, चकाकी नाही, रंग उडत नाही.

आपल्याकडे जवळपास त्याच वेळी, १८९२ मध्ये, राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. चालवायला बाईच. मुंबईतला त्यांचा स्टुडिओ १८९६ चा.

अंड्याचा_बलक

प्लॅटिनमवर एक भर. मॅट असल्यामुळे प्रतीवरही पेन्सिल चालते आणि लपते. अल्ब्युमेनच्या चकाकीवर ब्रश लागला की तिरपं धरल्यावर निस्तेज डाग दिसतो, म्हणून तिथे काम निगेटिव्हवरच. शिवणताई, तुमचं कार्ड चकाकणारं की मॅट?

शिवणटिपण

चकाकणारं, उजळ भाग पिवळसर. दहापटीच्या भिंगाने पाहिलं. गालावर आडव्यातिडव्या बारीक रेघांची जाळी आहे. कमरेच्या डावीकडे, पडद्याच्या अंधारात, केसासारख्या तीन-चार काळ्या रेघा कमरेच्या वळणाला समांतर. तिरपं धरलं तर वर काही नाही, पृष्ठभाग सलग.

काचेचा_माणूस

पृष्ठभाग सलग म्हणजे काम निगेटिव्हवरचं. वळणाला समांतर काळ्या रेघा म्हणजे सुरीचं टोक खोल गेलेल्या जागा, चांदी पूर्ण निघाली की प्रत काळी येते. निकाल लागला.

भूमिती_भाऊ

एका बाजूचा. उजवीकडे कठडा अंगापर्यंत येतो म्हणालात. मधली बटणं किंवा लेसची उभी रेघ धरून तिथून दोन्हीकडे मापा.

शिवणटिपण

मध्यावर शिवण आहे. उजवीकडे ११ मिलिमीटर, डावीकडे ९. हनुवटी ते माथा २४.

भूमिती_भाऊ

डोकं साडेआठ इंच धरलं तर एक मिलिमीटर म्हणजे ०.३५ इंच. उजवा अर्धा ३.९ इंच, डावा ३.२. बाई किंचित वळून उभी असेल तर थोडा फरक नैसर्गिक. तो सोडला तर सुरीने फार तर पाऊण इंच काढला. न तासता रुंदी ७.८ इंच, गोल धरला तर घेर साडेचोवीस.

शिवणटिपण

म्हणजे साडेचोवीसची कंबर, बावीस नंबरचं कोर्सेट, मागे अडीच इंचांची फट. आणि पाऊण इंच सुरीचा. काका, माझा हिस्सा जास्त निघाला बरं का.

काचेचा_माणूस

इंचांत जास्त. पण आपण तीसेक प्रतिसाद बोललो ते माझ्या पाऊण इंचावर. उजवी बाजू का सोडली तेही बघा, तिथे कोपर कमरेला लागलेलं आहे का?

शिवणटिपण

आहे. हातमोजा पार कोपराच्या वरपर्यंत.

काचेचा_माणूस

मग तेच. तिथे तासलं असतं तर हात तुटला असता.